वळ आणि वळण



साने गुरुजी आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिले. त्यातला श्याम पोहायच्या भीतीने लपतो. आई त्याला मारून विहिरीवर धाडते आणि नंतर जवळ घेऊन समजावते. मूल भित्रे राहू नये, एवढेच तिला हवे असते.

आपले मारणे असेच असते का? कपाशीचा भाव पडतो आणि मार पोराला बसतो!

इब्री लोकांस पत्र, अध्याय १२ म्हणतो, आईबाप आपल्या समजुतीप्रमाणे थोडे दिवस वळण लावतात. देव मात्र त्याच्या पावित्र्यात आपल्याला वाटा मिळावा म्हणून शिस्त लावतो. त्याला राग काढायचा नसतो. म्हणून आजाऱ्याच्या खाटेपाशी बसून 'देवाने शिक्षा केली' असे कृपया म्हणू नका. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी तेच विचारले होते. येशूने ते साफ नाकारले.