कान कुणाचा धरायचा?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या शेजारी अमेरिकेहून त्यांचा भाचा आला होता. तो सॅन फ्रान्सिस्को शहरात नोकरी करतो. एका संध्याकाळी ओसरीवर बसून त्याने मोबाइलवरची एक चित्रफीत सगळ्यांना दाखवली. फोनवर बोट टेकवून त्याने टॅक्सी मागवली होती. थोड्या वेळात एक पांढरी गाडी दारासमोर येऊन उभी राहिली. फोनवरूनच तिचे दार उघडले. तो मागे बसला आणि गाडी निघाली. स्टिअरिंग आपोआप वळत होते. सिग्नलला गाडी थांबत होती, रस्ता ओलांडणाऱ्यांना वाट देत होती. पुढच्या सीटवर मात्र कोणीच नव्हते.

मुलांनी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली. कडेला त्या घरातले एक वयस्कर मामा बसले होते. रहिमतपूर ते सातारा या रस्त्यावर त्यांनी तीस वर्षे वडापची जीप चालवली आहे. त्यांनी सगळे नीट पाहिले, फोन परत दिला आणि एवढेच विचारले, "गाडी झ्याक चालतीया. पण चुकली, तर कान कुणाचा धरायचा?"

भाचा म्हणाला, "मामा, कंपनीला फोन लावायचा."

"कंपनीला कान असत्यात व्हय?"

सगळे हसले. पण तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. त्याचाच आज आपण थोडा विचार करू या.

ही गाडी म्हणजे जादू नव्हे. तिच्यावर कॅमेरे, रडार आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारी यंत्रे बसवलेली असतात. शहराचा बारीकसारीक नकाशा संगणकात आधीच भरलेला असतो. समोर दिसते ते आणि नकाशात आहे ते जुळवून संगणक क्षणाक्षणाला निर्णय घेतो. गूगलने या कामाला २००९ साली सुरुवात केली. त्यातूनच पुढे निघालेल्या वेमो या कंपनीने २०२० साली फिनिक्स शहरात चालक नसलेली टॅक्सी सर्वसामान्य प्रवाशांसाठी खुली केली, तर २०२४ साली सॅन फ्रान्सिस्कोत. २०२५ साली ऑस्टिन शहरात ती उबरच्या ॲपवरूनही मागवता येऊ लागली. चीनमधल्या वुहान शहरातही अशा टॅक्सी धावतात.

आपल्याकडे त्या येतील का? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ साली आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या कार्यक्रमात सांगितले की, चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या आपण भारतात येऊ देणार नाही. ऐकून बरे वाटते. आपल्या आसपास किती घरांची चूल स्टिअरिंगवर पेटते! रिक्षा, टेम्पो, ट्रक, उसाचा ट्रॅक्टर, वडाप, आणि पुण्या-मुंबईला जाऊन ॲपची टॅक्सी चालवणारी आपली मुले. पूर्वी टांगे गेले आणि रिक्षा आल्या, तेव्हा टांगेवाल्याच्या मुलाने लगाम सोडून हँडल धरले. साधन बदलले, पण हाताला काम राहिले. या वेळी हाताचीच गरज उरणार नाही, हा फरक लहान नाही.

तरीही, बंदी घातली म्हणजे प्रश्न सुटला असे समजणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सरकारी अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. यांतले कितीतरी अपघात अतिवेगाने, दारूमुळे, डोळा लागल्यामुळे किंवा गाडी चालवताना फोन पाहिल्यामुळे होतात. यंत्र दारू पीत नाही, त्याला झोप येत नाही. आपल्या गाड्यांनी माणसांपेक्षा कमी लोकांना इजा केली, अशी आकडेवारी वेमो कंपनीने प्रसिद्ध केली आहे. समजा, उद्या ते सर्वत्र खरे ठरले. मग ज्या आईचा मुलगा डुलकी लागलेल्या चालकाच्या ट्रकखाली गेला, तिला आपण काय सांगणार? चालकांची नोकरी टिकावी म्हणून तुझ्या मुलाने मरावे? कोणाच्या तोंडून हे वाक्य निघेल? रोजगार मोलाचा आहे, पण त्याची किंमत दुसऱ्याच्या जिवाने चुकती करता येत नाही.

मग यंत्र सुरक्षित असेल तर सगळे आलबेल आहे का? येथे सॅन फ्रान्सिस्कोत २ ऑक्टोबर २०२३ रोजी घडलेली घटना पाहू. रात्रीच्या वेळी रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला माणूस चालवत असलेल्या एका मोटारीने धडक दिली. ती शेजारून येणाऱ्या क्रूझ या कंपनीच्या चालक नसलेल्या टॅक्सीपुढे फेकली गेली. टॅक्सीने ब्रेक दाबला, पण ती स्त्री गाडीखाली आली. टॅक्सी थांबली. मग अपघातानंतर गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी, या शिकवलेल्या नियमानुसार ती पुन्हा हलली आणि खाली अडकलेल्या त्या स्त्रीला सुमारे वीस फूट फरफटत घेऊन गेली. ती स्त्री वाचली, पण फार जखमी झाली.

पहिल्या मोटारीचा चालक पळून गेला.

बंधू-भगिनींनो, या दोन गाड्यांकडे नीट पाहा. एकीत माणूस होता, त्याला काय झाले ते कळले होते, आणि तो पळाला. दुसरीत माणूस नव्हता. ती पळाली नाही, पण आपल्याखाली कोणी आहे हे तिला कळलेच नाही. म्हणून 'माणूस चांगला, यंत्र वाईट' असा सोपा धडा यातून काढता येत नाही. मात्र पळून गेलेल्या माणसाला आपण दोष देऊ शकतो, कारण तो थांबू शकत होता. यंत्राला दोष देऊन काय मिळणार? त्याला ना लाज, ना पश्चात्ताप.

आणि पुढे जे झाले ते तर माणसांनीच केले. फरफटीची गोष्ट कंपनीने सरकारी अधिकाऱ्यांना पुरती सांगितली नाही. कॅलिफोर्नियाने तिचा चालकाविना गाड्या चालवण्याचा परवाना थांबवला. चौकशीत खोटा अहवाल दिल्याचे तिने नोव्हेंबर २०२४ मध्ये कबूल केले आणि पाच लाख डॉलर दंड भरला. महिन्याभराने मालक कंपनी जनरल मोटर्सने हा टॅक्सीचा उद्योगच गुंडाळला.

आणखी एक उदाहरण २०१८ सालचे. मार्च महिन्यात अमेरिकेतील टेंपी गावी उबरच्या स्वयंचलित गाडीची चाचणी चालू असताना रस्ता ओलांडणारी एक स्त्री धडकेने मरण पावली. गाडीत देखरेखीसाठी एक महिला कर्मचारी बसवलेली होती. चौकशीत दिसून आले की, ती कर्मचारी फोनवर कार्यक्रम पाहत होती. तसेच, रस्त्यात काहीतरी आहे हे यंत्राला पाच सेकंदांहून अधिक आधी दिसले होते, पण ती चालणारी व्यक्ती आहे हे त्याला ओळखता आले नाही आणि कंपनीच्या सुरक्षाव्यवस्थेतही उणिवा होत्या. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. शिक्षा झाली ती देखरेखीच्या कर्मचारी महिलेला. तिची चूक होतीच. पण मामांच्या प्रश्नाचे हे उत्तर पाहून मन खिन्न होते. कान धरायची वेळ आली, तेव्हा सर्वांत जवळचा आणि सर्वांत गरीब कान सापडला.

आपल्या देशाच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १३४ वे कलम आहे. अपघातात कोणी जखमी झाले, तर त्याला जवळच्या डॉक्टरकडे किंवा इस्पितळात पोहोचवण्यासाठी शक्य ते सारे करणे, हे त्या कलमाने चालकाचे कर्तव्य ठरवले आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही चालक हा नुसता स्टिअरिंग फिरवणारा नाही, तर थांबणारा, उतरणारा आणि उचलणारा माणूस आहे. मामांनीही असेच एकदा पुलाजवळ पडलेल्या मोटारसायकलवाल्याला जीपमध्ये घालून सातारला सिव्हिलला नेले होते. अर्धा दिवस चौकशीत गेला, त्या दिवसाचा धंदा बुडाला. आता मदत करणाऱ्याला असा त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचे संरक्षण दिले आहे. मामांच्या वेळी ते नव्हते. तरी ते थांबले.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने तीन गोष्टी केल्या. तो थांबला. जखमीला त्याने आपल्या जनावरावर बसवून नेले. आणि तिसरी गोष्ट आपल्या लक्षात कमी राहते. निघताना त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला सांगितले की, आणखी खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. पहिली दोन कामे उद्या कदाचित यंत्रही करील. जखमी दिसताच थांबणे आणि त्याला दवाखान्यात नेणे संगणकाला शिकवता येईल. तिसरे शिकवता येणार नाही. 'बाकीचे माझ्याकडे' हे शब्द ज्याला स्वतःचे नाव आहे, तोच म्हणू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर 'अँटिक्वा एत नोव्हा' हे टिपण प्रसिद्ध केले. अशा यंत्रांच्या साहाय्याने घेतलेल्या निर्णयांची अंतिम जबाबदारी माणसांचीच राहिली पाहिजे, हाच मुद्दा त्यातही आहे.

म्हणून मला वाटते की, प्रश्न यंत्र आणावे की न आणावे एवढाच नाही. ते आणताना आपण 'बाकीचे माझ्याकडे' म्हणणारा कोणी शिल्लक ठेवतो का, हा आहे. जी कंपनी चालकाचा पगार वाचवते, तिने चालकाचे कर्तव्यही उचलले पाहिजे, आणि गाडी रस्त्यावर येण्याआधी त्यासाठी जबाबदार माणसाचे नाव कायद्यात लिहिले गेले पाहिजे. ज्यांचे काम जाईल त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा आणि म्हातारपणाचा वाटा त्या वाचलेल्या पैशातून निघाला पाहिजे. नाहीतर लाभ एकाचा आणि भार दुसऱ्याचा, असे होईल.

पण सारी जबाबदारी कंपनीवर आणि सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ नये. पुण्यात उतरल्यावर आपणही ॲपवरून टॅक्सी मागवतो. चालक आपल्या दृष्टीने नकाशावर सरकणारा ठिपका असतो. गाडीत बसल्यावर आपण फोनमध्ये डोके घालतो. त्याचे नाव पडद्यावर लिहिलेले असते, पण आपण ते वाचत नाही. पाच मिनिटे उशीर झाला की तारे कापतो. तो सकाळपासून जेवला आहे का, किती तास जागा आहे, हे विचारत नाही. खरे सांगायचे तर, चालक नसलेल्या टॅक्सीत आपण केव्हापासूनच बसू लागलो आहोत. यंत्राने त्याची जागा घेण्याआधी आपणच त्याला तिथून उठवले आहे.

पुढच्या वेळी गाडीत बसाल, तेव्हा आधी त्याचे नाव वाचा आणि त्या नावाने हाक मारा. लांबचा प्रवास असेल तर चहाला थांबा आणि त्यालाही बोलवा. डोळे जड झालेले दिसले तर "थोडं थांबू या, घाई नाही" असे म्हणा. त्या एका वाक्याने कदाचित कोणाचा तरी जीव वाचेल.

भाचा परत जायला निघाला, तेव्हा त्याला स्टेशनवर सोडायला मामाच गेले. गाडीला उशीर होता. "तुम्ही जा घरी," असे तो दोनदा म्हणाला. मामा गाडी सुटेपर्यंत फलाटावर बसून राहिले.