पाणचक्की आणि पिकअप

कन्नड तालुक्यात आल्याची शेती करणाऱ्या माझ्या मित्राने गेल्या उन्हाळ्यात एक जुनी पिकअप घेतली, आणि तीही ऑटोमॅटिक. आपल्याकडे मालाची पिकअप म्हटली की ती हाताने गिअर टाकायचीच असते. क्लचचं पेडल नसलेली क्वचित दिसते. महिनाभरातच कुरबुर सुरू झाली. सकाळी दांडा ‘डी’वर आणला की गाडी दोन-तीन सेकंद नुसती उभी राहायची आणि मग झटका मारून निघायची. चाळीसगावकडून औट्रम घाट चढताना तर इंजिनचा आवाज वाढायचा, काटा वर जायचा, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नसे. दोन ठिकाणी त्याला एकच उत्तर मिळालं: गिअरबॉक्स गेला, उतरवून खोलावा लागेल.

तिसऱ्यांदा आम्ही छत्रपती संभाजीनगरात, जालना रोडच्या मागच्या गल्लीत, ज्यांना सगळे चाचा म्हणतात त्या वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. चाचांनी पान्याला हातही लावला नाही. आधी विचारलं, “गाडी थंड असताना जास्त त्रास देते की तापल्यावर? रिव्हर्सलाही थांबते का? उभी असते तिथे खाली डाग पडतो का?” डागाचं ऐकून मित्र गप्प झाला. अंगण मातीचं, कोण बघतो?

मला त्या क्षणी आयुर्वेदातली त्रिविध परीक्षा आठवली: दर्शन, स्पर्शन, प्रश्न. माधवकराचा ‘माधवनिदान’ हा ग्रंथ तर रोग ओळखण्यालाच वाहिलेला आहे. रोग कळण्याची पाच साधनं आपल्या वैद्यकाने सांगितली: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे चाहूल, रूप म्हणजे लक्षणं, उपशय म्हणजे काय दिलं की बरं वाटतं याची पारख, आणि संप्राप्ती म्हणजे दोष कुठून निघून कुठे, कसा पोचला याची वाट. आज आपण ‘निदान’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा नुसतं रोगाचं नाव सांगतो. ‘गिअरबॉक्स गेला’ हे तसंच एक नाव आहे. त्यात दोषाची वाट कुठेच नाही.

ती वाट समजायला आपल्या शहरात एक उत्तम जागा आहे. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात पाणचक्की आहे. दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून, सायफनच्या तत्त्वावर तिथे आणलं. ते उंचावरून कोसळतं, त्याच्या माऱ्याने पात्यांचं चाक फिरतं आणि वरचं जातं दर्ग्यात उतरणाऱ्यांसाठी धान्य दळायचं. मलिक अंबरच्या नहरीपासून पाण्याचा दाब जोखत आलेल्या या गावाला वाहत्या द्रवाची ताकद कोणी वेगळी शिकवायला नको.

ऑटोमॅटिक गाडीतला टॉर्क कन्व्हर्टर ही अशीच बंद डब्यातली पाणचक्की आहे. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. इंजिन एक पात्यांचं चाक फिरवतं, ते तेल फेकतं आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरचं दुसरं चाक फिरतं. मधल्या स्थिर पात्यांनी परतणारं तेल वळवलं की गाडी उचलताना जोर आणखी वाढतो. पुढे सूर्य-ग्रहांसारखी रचलेली गिअरची चाकं असतात, आणि त्यातलं कोणतं धरायचं, कोणतं सोडायचं हे क्लचच्या चकत्या ठरवतात. त्या चकत्या दाबून धरतं तेही तेलच. एकच तेल जोर पोचवतं, चकत्या आवळतं, वंगण देतं आणि उष्णता वाहून नेतं.

मग चाचांनी गाडी रॅम्पवर घेतली. जुन्या गाड्यांना तेल मोजायची पट्टी असे, हिला नव्हती. इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेल्या तापमानाला आणून, गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठवणाऱ्या चेंबरचं लेव्हलचं बूच काढायचं. तेल बारीक धारेने ओघळलं तर पातळी बरोबर. बूच काढलं. एक थेंबही आला नाही. टॉर्चच्या उजेडात कूलरकडे जाणाऱ्या नळीच्या सांध्यावर धुळीने लडबडलेला तांबूस ओघळ दिसला.

वाट आता दिसत होती. तेल कमी, म्हणून पंप तेलासोबत हवा ओढतो. दाब धरत नाही. चकत्या पुरत्या आवळत नाहीत, घसरतात. घसरल्या की तापतात, आणि तापलं की तेल करपतं. घाटात चेंबरातलं उरलंसुरलं तेल मागे सरकतं, तिथेच ती जास्त हटून बसणार. सकाळचं थबकणंही त्याच घराण्यातलं.

चेंबर उतरवल्यावर चाचांनी लोहचुंबकावरचा थर बोटाने पुसला आणि चिमटीत चोळला. मऊ, करड्या लोण्यासारखा. ही रोजची झीज. कण टोचले असते, पितळेची चमक असती, तर गोष्ट वेगळी. तेल हुंगलं: तपकिरी झालेलं, पण जळका वास नाही. “अजून जीव आहे,” ते म्हणाले. नळी आणि गाळणी बदलली, कंपनीने सांगितलेल्या प्रतीचं तेल भरलं. त्यानंतर स्कॅनर लावून पाहिला. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना हलका हिसका अजून लागतो. काही झीज कायमची असते, आणि चाचांनी ती लपवली नाही.

पाणचक्की थांबली तर आधी जात्याला टाकी लावायची नसते. पाणी कुठवर येतं आहे ते बघायचं असतं. माणसाचं, संस्थेचं, संसाराचंही तेच. जे अडलेलं दिसतं त्यातच बिघाड असतो असं नाही. पुष्कळदा त्याच्यापर्यंत जोर पोचवणारं काहीतरी दूर कुठेतरी झिरपून गेलेलं असतं.

म्हणून जुनी ऑटोमॅटिक गाडी घ्यायला जाल तेव्हा ती थंड असतानाच पाहा. दांडा ‘डी’ आणि ‘आर’वर टाकून मनात सेकंद मोजा, चढावर चालवा, तेलाचा रंग बघा, वास घ्या. आणि घरी आणल्यावर रोज सकाळी गाडी हलवली की एकदा खाली जमिनीकडे बघा.