बंड्याचा डावा पाय

मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्यात राहणारे आप्पा वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, त्याला बरीच वर्षं झाली. तरी जुने भाजीवाले त्यांना लांबून येताना पाहिलं की अजूनही पारड्याच्या तळावरून बोट फिरवून घेतात. तळाला चिकटवलेली चिंच, आतून पोखरलेली वजनं, काट्याखाली दडवलेलं लोहचुंबक, आप्पांनी सगळं पाहिलेलं. दुकानदार सज्जन की लबाड, हे त्यांनी कधी विचारलं नाही. ते वजनावरचा शिक्का बघायचे आणि आपल्या पेटीतल्या प्रमाण वजनांशी ताडून घ्यायचे. देवभोळ्या, सरळ माणसांचे काटेही चुकलेले निघत, आणि चुकलेला काटा बहुतेक वेळा मालकाच्याच बाजूला झुकलेला असे.

अशा माणसाने स्वतःच्या कुत्र्याच्या बाबतीत काय केलं, त्याची ही गोष्ट. बोधकथेत प्राणी बोलतात असा रिवाज आहे. आप्पांचा बंड्या बोलत नाही, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

बंड्या लॅब्राडॉर. वय दहा, वजन अडतीस किलो, म्हणजे असायला हवं त्यापेक्षा बरंच जास्त. घर दुसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. पावसाळ्यात त्याचा मागचा डावा पाय धरला. जिन्याच्या वळणावर तो बसकण मारायचा आणि उठायचाच नाही. पशुवैद्यांनी सांधे झिजल्याचं सांगून मेलॉक्सिकॅम लिहून दिलं. ‘असल्या गोळ्यांनी किडनी जाते’ असं आप्पांनी कुठेतरी ऐकलं होतं, त्यामुळे ती चिठ्ठी देव्हाऱ्यामागे गेली. मग कुणीतरी एका होमिओपॅथचं नाव सुचवलं. त्यांनी साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या दिल्या, ‘र्‍हस टॉक्स थर्टी’. शिवाय पथ्य सांगितलं: बिस्किटं बंद, भजी बंद, भात निम्मा.

थोड्याच दिवसांत बंड्या वळणावर न बसता वर येऊ लागला. आप्पांनी सोसायटीभर सांगितलं. गावी, रावेरला, भावालाही फोन केला. भाऊ म्हणाला, “आमच्या गाईचं तसंच झालं होतं.” ऑगस्ट २०२२मध्ये गुरांच्या लंपी रोगाची साथ राज्यात जळगाव जिल्ह्यातून, रावेर तालुक्यातूनच सुरू झाली, तेव्हा त्याने गाईला विड्याची पानं, मिरं, मीठ आणि गूळ वाटून चारलं होतं. गाय उठली. आणखी काय पुरावा हवा?

आप्पांची नात परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. कॉलेज १८८६चं, शेजारीच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. आप्पांच्या पिढीच्या तोंडी ते अजून ‘बैलघोडा हॉस्पिटल’च. मुलुंडहून परळला लोकलने रोज उभ्याने जाणारी ही मुलगी रविवारी आजोबांकडे आली आणि तिच्यासमोर गोळ्यांची बाटली ठेवली गेली.

“आप्पा, थर्टी म्हणजे काय माहितीये? मूळ अर्काचा एक भाग, नव्व्याण्णव भाग पाणी-अल्कोहोल. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा तसंच. असं तीस वेळा. एकावर साठ शून्यं. बाराव्या खेपेनंतरच मूळ औषधाचा एखादा कण बाटलीत सापडला तर नशीब. तुमच्या खात्यात ‘एक किलो साखर’ लिहिलेल्या पुड्यात एक दाणाही नसता, तर काय केलं असतंत?”

“खटला भरला असता,” आप्पा म्हणाले. “पण गुण आला ना! आणि माणसाच्या मनाचे खेळ असतात म्हणशील, तर कुत्र्याला काय माहीत आपण औषध घेतोय ते?”

हा प्रश्न बिनतोड वाटतो. प्राण्यांवरच्या पर्यायी उपचारांची चर्चा निघाली की तो हमखास येतो, आणि विचारणारा जिंकल्यासारखा हसतो. नात हसली नाही. म्हणाली, “कुत्र्याला माहीत नाही. पण बरं वाटतंय हे सांगतंय कोण? तुम्ही. आणि तुम्हाला माहीत आहे.”

२०१२ साली अमेरिकेत लंगड्या कुत्र्यांचा असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्यांना नुसतं खोटं औषध दिलं होतं आणि पाय जमिनीवर किती भार टाकतो हे यंत्राने मोजलं होतं. यंत्र म्हणत होतं फरक नाही, तरी दहातल्या साधारण चार खेपांना मालकांना कुत्रा सुधारलेला दिसला. तपासणारे पशुवैद्यही यातून सुटले नव्हते. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. सांधेदुखीला भरती-ओहोटी असते. दुखणं शिगेला पोचलं की आपण दवाखाना गाठतो आणि पुढे उतार पडला की त्याचं श्रेय हातातल्या बाटलीला जातं.

रावेरच्या गाईबद्दलही तिने तेच विचारलं. “गोठ्यातल्या ज्या गाईंना काहीच दिलं नव्हतं, त्यातल्या किती उठल्या? तेही मोजायला हवं. लंपीतून बहुतेक जनावरं आपोआपच सावरतात. त्या पाना-मिऱ्याला मी हसत नाही आप्पा, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही तेच मिश्रण सांगतं. त्यात निदान तपासायला काहीतरी आहे. पण साथीत सरकारने शेळ्यांच्या देवीची लस गावोगाव टोचली, त्या लसीलाही भावाच्या फोनवरून पास करू नका.”

आप्पा चिडले. “तुमच्याच औषधांनी गिधाडं मारली, ते विसरलीस?”

“नाही विसरले. डायक्लोफिनॅक. मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं गेली. २००४मध्ये संशोधकांनी मेलेली गिधाडं तपासून ते सिद्ध केलं, २००६मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मग पर्याय म्हणून गिधाडांवर तपासलेलं आणि सुरक्षित ठरलेलं औषध कुठलं, सांगू? मेलॉक्सिकॅम. देव्हाऱ्यामागे पडलंय ते.” किडनीची भीती मात्र तिने खोडून काढली नाही. ती खरीच आहे, म्हणून आधी रक्त तपासायचं आणि वजनावर डोस ठरवायचा, असं म्हणाली.

वाद इथेच थांबला असता तर दोघं आपापल्या जागी राहिली असती. आप्पांना हलवलं ते तिच्या पुढच्या वाक्याने. “मोजूया का?”

मोजणं म्हटल्यावर म्हातारा खुलला. दोन घरगुती वजनकाटे आले. आप्पांनी माळ्यावरची पेटी काढून पाच किलोचं लोखंडी वजन दोन्हींवर ठेवलं. एक काटा जास्त दाखवत होता, तो दुकानदाराकडून बदलून आणला. मग दोन काटे शेजारी-शेजारी, बंड्याचे मागचे पाय प्रत्येकी एकावर, पुढचे पाय तेवढ्याच उंचीच्या पाटावर. धडधाकट कुत्रा दोन्ही पायांवर जवळपास सारखा भार टाकतो. बंड्या डाव्यावर साडेतीन किलो कमी टाकत होता.

खालच्या केमिस्टने सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या भरल्या, ‘क’ आणि ‘ख’. एकीत होमिओपॅथच्या गोळ्या, दुसरीत नुसत्या साखरेच्या. कुठलीत काय ते पाकिटात, आणि पाकिटावर आप्पांनी नोकरीतल्या उरलेल्या लाखेचं सील मारलं. पंधरा दिवस क, पंधरा दिवस ख, पुन्हा तसंच. पथ्य आहे तसं चालू. आप्पांनी रोज डायरीत आपलं मत लिहायचं. दर रविवारी काटा वाचायचा शेजारच्या सातवीतल्या पोराने, ज्याला बाटल्यांचा पत्ताच नव्हता. त्याने बंड्याचं पूर्ण वजनही टिपायचं, आणि त्याची वही आप्पांनी उघडायची नाही. मला विचाराल तर नातीचा खरा पराक्रम हाच. बाटल्या कुणीही भरेल, पण निवृत्त निरीक्षकाला सातवीतल्या पोराची वही बघण्यापासून दोन महिने रोखणं सोपं नव्हे.

दिवाळीनंतर सील फुटलं. ‘क’च्या पंधरवड्यांत आप्पांच्या डायरीत ‘छान चालला’, ‘शेपूट उंच’, ‘जिना एका दमात’. ‘ख’मध्ये ‘आज जड’, ‘उदास वाटला’. पहिल्याच दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं होतं की औषध ‘क’मध्ये आहे. पाकिटात निघालं ‘ख’.

आता पोराची वही. दोन पायांमधला फरक साडेतीन किलोंवरून दोनवर आला होता! बंड्या खरोखर सुधारला होता. फक्त ती उतरण दोन्ही बाटल्यांत सारखीच, संथ, कुठेही पायरी नाही. नातीची आजी वजनाच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, “हे बघा ना, अडतीसचा साडेपस्तीस झालाय.” बिस्किटं बंद, भजी बंद, भात निम्मा. २०१० साली स्कॉटलंडमध्ये चौदा लठ्ठ, लंगड्या कुत्र्यांवर हेच दिसलं होतं. वजन सहाएक टक्के उतरल्यावर लंगडणं कमी झालं. चौदा म्हणजे थोडेच, आणि बंड्या तर एकटा, हेही नातीने लगेच बजावलं. बाटल्यांतला फरक एवढ्यावरून कायमचा निकालात निघत नाही, पण आप्पांच्या डायरीचा निकाल लागला होता.

आप्पांनी लाल पेन मागवलं आणि डायरीच्या पहिल्या पानावर शेरा मारला, ‘पडताळणीत नापास’. खाली सही, तारीख. होमिओपॅथना फोन करून त्यांनी पथ्याबद्दल मनापासून आभार मानले. गोळ्यांचं विचारलं तेव्हा म्हणाले, त्या तूर्त नकोत. बंड्याचं रक्त तपासून झालं, आणि गारठा पडला तेव्हा देव्हाऱ्यामागची चिठ्ठीही बाहेर आली. त्या आठवड्यात काट्यावर पहिल्यांदा पायरी दिसली. रविवारी नातीने ती स्वतः पाहिली आणि बॅग उचलून निघाली.

“थांब,” आप्पा म्हणाले. कपाटातून त्यांनी पावडरीचा डबा काढला. सांध्यांसाठी ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन, गेल्या वर्षी नातीनेच आणून दिलेली, चांगली महाग. “ही कुठल्या काट्यावर पास झालीय?”

नातीला माहीत होतं. २०२२मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी कुत्र्या-मांजरांवरचे जुने अभ्यास एकत्र तपासले होते. त्यात माशाच्या तेलातलं ओमेगा-३ टिकलं, ही जोडी टिकली नाही. ती जरा वेळाने म्हणाली, “सगळेच डॉक्टर लिहून देतात हो आप्पा.”

“मुलुंड मार्केटात एकेकाळी ओळीने सगळ्याच पारड्यांखाली चिंच होती.” आप्पा पाट सरळ करत होते. “त्या पोराला हाक मार. आणि या खेपेला बाटल्यांचं तुला कळता कामा नये.”