पाहणे आणि राखणे

मौल्यवान वस्तू जपावी, हे आपण विचार न करताच मान्य करतो. परंतु जी वस्तू पाहिल्यानेच झिजते, ती जपायची म्हणजे नेमके काय करायचे? जपानी काबुकी रंगभूमीची जुनी ठसाचित्रे जमवणाऱ्यांना या प्रश्नाला तोंड द्यावेच लागते. तो केवळ संग्राहकांच्या सोयीगैरसोयीचा प्रश्न नाही. आपले म्हणून जे काही आपण बाळगतो, त्याच्यावर आपला हक्क किती आणि कोणता, हा मूळ नैतिक प्रश्न त्याच्या तळाशी आहे.

प्रथम ही चित्रे कशासाठी जन्मली ते पाहू. एदो म्हणजे आजचे टोकियो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत या शहराला काबुकीचे वेड होते. नवे नाटक रंगभूमीवर येणार असे कळले की प्रकाशक चित्रकाराकडून त्यातील नटांची भूमिकेतली चित्रे काढून घेई. कोरक्या ती रानचेरीच्या लाकडी फळ्यांवर कोरी, एकेका रंगाला वेगळी फळी करी. आणि छापणारा तुतीच्या कुळातील झाडाच्या सालीपासून केलेल्या चिवट, ओलसर कागदावर एकामागून एक रंग उतरवी. 'याकुशा-ए' अर्थात नटचित्र या नावाने ओळखले जाणारे हे साधे चित्र वाडगाभर सोबा-शेवयांच्या किमतीच्या आसपास मिळे. दुकानदार, कारागीर, घरातल्या बायका ते विकत घेत, वहीत चिकटवत, पडद्यावर किंवा भिंतीवर लावत. नाटक संपले, दुसरे आले की नवे चित्र येई. थोडक्यात, ही चित्रे साठवण्यासाठी नव्हे, तर पाहून संपवण्यासाठीच केलेली होती.

इ.स. १७९४ च्या उन्हाळ्यात कावाराझाकी नाट्यगृहात झालेल्या एका नाटकात ओतानी ओनिजी या नटाने एदोबेई नावाच्या दुष्ट नोकराचे काम केले. तोशूसाई शाराकू या चित्रकाराने त्याला काळसर अभ्रकी पार्श्वभूमीवर रेखाटले: मान पुढे काढलेली, ओठ घट्ट मिटलेले, वस्त्रातून बाहेर आलेल्या दोन्ही हातांची बोटे फाकलेली. शाराकूची कारकीर्द अवघी दहा महिन्यांची. या काळात त्याने सुमारे एकशे चाळीस चित्रे केली आणि तो दिसेनासा झाला. ओनिजीचा आवाज, त्या दिवशीच्या प्रेक्षकांच्या आरोळ्या, यांतले काहीच उरले नाही. उरली ती कागदावरची ती फाकलेली बोटे. नटाची कला ज्या क्षणी प्रकटते त्याच क्षणी संपते. ती संपू नये या इच्छेतून चित्र जन्मले. पण चित्रही तसेच नाशवंत निघाले, ही यातली खरी अडचण आहे.

कारण या चित्रांचे जुने रंग वनस्पतींचे. गुलाबी-तांबडा करडईच्या फुलांचा. निळा आपल्याकडच्या केन्याच्या कुळातल्या एका रानफुलाचा. हे रंग प्रकाशात टिकत नाहीत. जांभळा तपकिरी होतो, निळा पिवळट करडा होतो, गुलाबी पुसट होत नाहीसा होतो. प्रकाशाने झालेली ही हानी साठत जाते आणि ती भरून काढता येत नाही. चित्राला अंधारात विश्रांती दिली म्हणजे गेलेला रंग परत येतो, असे नाही.

येथे संग्राहकाच्या व्यवहारातली एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. बाजारात सर्वांत मोलाचे चित्र कोणते? ज्याचे रंग कालच छापल्यासारखे ताजे आहेत ते. आणि रंग ताजे राहिले ते कशामुळे? बहुधा ते चित्र फारसे कोणी पाहिले नाही म्हणून. ते एखाद्या वहीत मिटलेले राहिले, पेटीत विसरले गेले. उलट एखाद्या एदोवासीयाने आपल्या आवडत्या नटाचे चित्र भिंतीवर लावले, येताजाता त्याच्याकडे पाहिले, पाहुण्यांना दाखवले. ते विटले, फाटले, आणि उरलेच तर आज कवडीमोल ठरते. म्हणजे ज्यावर प्रेम केले गेले ते चित्र स्वस्त, आणि ज्याची उपेक्षा झाली ते महाग. संग्राहक ज्याला कलेचे प्रेम म्हणतो, ते पुष्कळदा अशा प्रकारे उपेक्षेचाच गौरव करीत असते. हा आरोप नाही. पण हे त्याने स्वतःशी कबूल केलेले बरे.

ही विसंगती टोकाला नेणारे एक उदाहरण अमेरिकेत आहे. बोस्टनच्या विल्यम आणि जॉन स्पॉल्डिंग या बंधूंनी आपला सहा हजारांहून अधिक ठसाचित्रांचा संग्रह १९२१ साली तेथील ललितकला संग्रहालयाला दिला. अट एकच: ही चित्रे कधीही प्रदर्शनात मांडायची नाहीत. त्या अटीमुळे त्यांतले नाजूक रंग आजही टिकून आहेत. जगात इतरत्र ज्या चित्रांचा जांभळा रंग कधीच गेला, त्यांचा मूळ जांभळा कसा होता हे अशाच प्रतींवरून कळते. तेव्हा या अटीला कंजूषपणा म्हणणे अन्यायाचे होईल. आज न पाहून त्यांनी उद्याच्यासाठी राखले.

परंतु उद्या म्हणजे कोणता दिवस? 'कधीही' या शब्दाला उद्या नसतो. पुढच्या पिढीसाठी राखलेली वस्तू त्या पिढीलाही पाहता येणार नसेल, आणि तिच्या पुढच्या पिढीलाही, तर ती अखेर कोणासाठी राखली? कोणी असे म्हणेल की आता या चित्रांच्या प्रतिमा संगणकावर घरबसल्या दिसतात. मग मूळ कागद अंधारात राहिला तर बिघडले कुठे? हे समाधान अर्धेच आहे. अभ्रकाची चमक कागद हातात धरून किंचित तिरपा केल्याशिवाय दिसत नाही. वस्त्रावरची काही नक्षी शाईविना, नुसत्या दाबाने उठवलेली असते. ती प्रकाश बाजूने पडला तरच उमटते. चित्राचे हे अंग माणसाच्या डोळ्यांपुढे येण्यासाठीच घडवले गेले.

दुसऱ्या टोकाला 'माझे आहे, मी हवे तसे वापरीन' हा युक्तिवाद उभा असतो. कायदा त्याच्या बाजूने असेल, नीती नाही. चित्रकार, कोरक्या, छापणारा आणि ज्याची मुद्रा त्यात आहे तो नट, यांनी या कागदात आपला वाटा घातला आहे. आणि जे अद्याप जन्मले नाहीत त्यांचाही त्यात वाटा आहे. मालक त्यांच्यामधला एक टप्पा आहे. दिवाणखान्यात खिडकीसमोर ते चित्र टांगणारा मनुष्य स्वतःचेच सुख खर्च करीत आहे असे त्याला वाटते. वस्तुतः तो इतरांचा ठेवा खर्च करीत असतो.

तर मग मार्ग कोणता? माझ्या मते प्रश्न पाहावे की राखावे असा नाहीच. प्रत्येक पाहणे हा खर्च आहे, हे मान्य करून तो खर्च कोणासाठी आणि किती करायचा, हे ठरवणे म्हणजेच राखणे. संग्रहालये ही चित्रे मंद प्रकाशात काही आठवडे मांडतात आणि मग दीर्घकाळ अंधारात ठेवतात, ती याच जाणिवेने. टोकियोच्या वासेदा विद्यापीठात १९२८ साली स्थापन झालेल्या नाट्यसंग्रहालयात चाळीस हजारांहून अधिक नटचित्रे आहेत. कोणत्या नटाने कोणती भूमिका कोणत्या वेशात केली, हे शोधणाऱ्यांच्या ती उपयोगी पडतात. आणि तेथे विटलेले चित्रही साक्ष देऊ शकते. खाजगी संग्राहकालाही हे अशक्य नाही. वर्षातून एखादा दिवस पेटी उघडावी, चार जाणत्यांना आणि चार अजाणत्यांना बोलवावे, चित्र हाती धरून दाखवावे आणि पुन्हा मिटून ठेवावे. रंगाचा एक अदृश्य अंश त्या दिवशी जाईल. तो वाया गेला असे म्हणता येणार नाही.

१८५४ साली आठवा इचिकावा दांजूरो हा लोकप्रिय नट ओसाका येथे आत्महत्या करून गेला, तेव्हा त्याच्या स्मरणार्थ असंख्य मृत्युचित्रे छापली गेली आणि ती चाहत्यांच्या घरोघरी गेली. ज्यांनी ती घेतली त्यांनी ती पेटीत बंद करण्यासाठी घेतली नसावीत. त्यांतले एखादे विटलेले, कडा झिजलेले पान आज हाती आले, तर ते नाकारण्यापूर्वी संग्राहकाने क्षणभर थांबावे. त्याचा रंग कोठे गेला, याचे उत्तर त्याच्या आधीच्या धन्याच्या डोळ्यांत होते.