देऊळ का फिरलं?

आमच्या शिरड शहापूरच्या पोरांना औंढ्याची गोष्ट कुणी मुद्दाम शिकवत नाही. औंढा-वसमत रस्त्यावर गाव आहे, येता-जाता ती कानावर पडतेच. नामदेव महाराज नागनाथाच्या दारात कीर्तन करत होते, त्यांना मागं जायला सांगितलं, ते मागं जाऊन गाऊ लागले आणि अख्खं देऊळ त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं. म्हणून म्हणे दार पश्चिमेला आणि नंदी पाठीमागं. "अन् मंग देऊळ गर्रकन फिरलं बग" असं म्हणताना आजीचा हातसुद्धा फिरायचा.

आता सांगायची पाळी माझ्या पिढीची आहे. पुण्यात लॅपटॉपपुढं बसणारे आम्ही लोक मुलांना 'आपली संस्कृती' कळावी म्हणून भलतेच उत्साही असतो. चित्रांची पुस्तकं आणतो, यूट्यूबवर गोष्टी लावून देतो, शाळेच्या फॅन्सी ड्रेसला चिपळ्या शोधत फिरतो. पण माझ्या पाहण्यात आलेल्या मुलांसाठीच्या आवृत्त्यांत नामदेवांना मागं का पाठवलं, याचं उत्तर एक तर नसतं, नाहीतर 'फार गर्दी झाली होती' इतकंच असतं. गर्दीमुळं देऊळ फिरलं असेल, तर तो वाहतूक नियंत्रणाचा चमत्कार म्हणायचा.

कारण कुठं सापडत नाही असंही नाही. शीख गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यातल्या भैरव रागातल्या एका पदात ही हकिकत नामदेव स्वतःच्या तोंडानं सांगतात. हसत-खेळत देवळात आलो, भजन करता करता मला धरून उठवलं. माझी जात हलकी. छीप्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या शिंप्याच्या, कुळात मी जन्मालाच का आलो, असं ते देवाला विचारतात. मग घोंगडी उचलून देवळामागं जाऊन बसतात. पदात औंढ्याचं नाव नाही, पण गोष्ट तीच. याच ग्रंथाला १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद दिलं, तेही आमच्या शेजारच्या नांदेडात. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, तिथं पंजाबातून भाविक येतात. म्हणजे गोष्टीतला सल त्यांनी चारशे वर्षं जपला, आणि आम्ही मुलांसाठी म्हणून तो काढून चमत्कार तेवढा ठेवला.

'देऊळ खरंच फिरलं का?' हा प्रश्न मला अवघड वाटत नाही. इंजिनिअर मित्रांना तोच मोठा वाटतो. सहा वर्षांच्या मुलाला दगड फिरत नाही आणि गोष्टीत फिरतो, हे दोन्ही एकदम कळतं. माझ्या पुतणीला मी कारणासकट गोष्ट सांगितली, तर फिरण्याबद्दल तिनं काही विचारलंच नाही. "काका, मग ते लोक सॉरी म्हणाले का?" एवढंच विचारलं. गोष्टीत तसं काही नाही, हे मी तिला सांगितलं. तिला ते मुळीच आवडलं नाही.

वहिनीचं म्हणणं पडलं, "भाऊजी, एवढ्या लहानपणी जात कशाला सांगायची?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. न सांगितल्यानं मूल काही काळ मोकळं राहतं, हे मला मान्य आहे. पण तो काळ फार थोडा असतो. गावात कोणती वस्ती कुठं आहे, आडनाव ऐकल्यावर मोठी माणसं क्षणभर का थांबतात, हे पोरं बघून शिकतात. ते शिकताना तिथं कोणी नामदेव नसतो आणि फिरणारं देऊळही नसतं.

गंमत म्हणजे औंढ्याचीच दुसरी गोष्ट आपण बिनदिक्कत सांगतो. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव चिडले, तर म्हणाले, देव नसेल तिथं माझे पाय ठेव. विचार म्हणून ही गोष्ट कितीतरी धाडसी आहे, पण तिच्यात कोणी कोणाला हाकललेलं नाही. ऐकणाऱ्याला आपले आजोबा-पणजोबा कुठल्या बाजूला होते, हे आठवावं लागत नाही.

घरात सांगणं सोपं आहे. वर्गात बसलेल्या ज्या पोराच्या घरच्यांना देवळाच्या पायरीवरून परत फिरवलं गेलं, त्यानं ही गोष्ट सगळ्यांसमोर कशी ऐकायची? माना त्याच्याकडं वळल्या, तर गोष्टीनंच त्याला पुन्हा मागं धाडलं. म्हणून मला वाटतं, सांगणाऱ्यानं सगळ्याच पोरांना घेऊन नामदेवांबरोबर देवळामागं जाऊन बसावं. हाकललं कुणी यापेक्षा मागं काय चाललं होतं, यावर जास्त वेळ द्यावा. घोंगडी, टाळ, दुपारचं ऊन, बसायला जागा करून देणारी माणसं. कारण मात्र एका वाक्यात, आवाज न बदलता सांगून टाकावं. हे जमायला शिक्षकाला आपल्या वर्गातलं पोरगं न् पोरगं ठाऊक असावं लागतं, आणि पुस्तक छापणाऱ्याला ते ठाऊक असणं शक्य नाही.