राखणाऱ्याचा हिशेब

घडलेल्या गोष्टीला साक्षीदार मिळतात. घडू न दिलेल्या गोष्टीला ते क्वचितच मिळतात. 'योगक्षेम' या शब्दाची फोड करताना भाष्यकारांनी अप्राप्ताची प्राप्ती म्हणजे योग आणि प्राप्ताचे रक्षण म्हणजे क्षेम, असा भेद केला आहे. व्यवहारात मात्र कीर्ती योगाच्या वाट्याला येते आणि क्षेमाच्या वाट्याला येतो तो जाब. रायपूरच्या पंडरी भागातील कापडबाजारात एखादा रखवालदार वर्षानुवर्षे जागत असेल, तर त्याच्या निर्विघ्न रात्री कोणत्याही वहीत लिहिल्या जात नाहीत. एका रात्री कुलूप तुटले की पहिला प्रश्न त्यालाच केला जातो. आणि तो 'झोपला होतास का?' एवढ्यावर थांबत नाही, 'सामील होतास का?' येथपर्यंत जातो. पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा अधिकार समाजाला कोठून प्राप्त होतो, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे. हॉकीच्या गोलरक्षकाची कारकीर्द म्हणजे या प्रश्नाची हजारो प्रेक्षकांसमक्ष झालेली मांडणीच होय.

रायपूर ज्या मध्य प्रांतात होते, त्याच्या राजधानीत, नागपुरात, १९०२ साली रिचर्ड ॲलन यांचा जन्म झाला. १९२८च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही गोल स्वीकारला नाही. त्या पाचही सामन्यांत गोलरक्षक ॲलन होते. १९३२च्या लॉस एंजेलिस आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्येही ते सुवर्णविजेत्या संघात होते. या तीन स्पर्धांत मिळून त्यांच्यावर अवघे दोन गोल झाले. त्यांपैकी पहिला, अमेरिकेविरुद्ध २४-१ असा विजय मिळवताना झालेला, ॲलन सीमेबाहेर चाहत्यांना स्वाक्षऱ्या देत असताना झाला अशी आख्यायिका आहे. २९ पैकी १४ गोल करणाऱ्या ध्यानचंदांचे नाव शाळकरी मुलासही ठाऊक असते. ॲलन या नावाशी परिचय थोड्यांचाच. मात्र हा अन्याय आहे असे म्हणताच एक अडचण उभी राहते. ते शून्य ॲलन यांच्या कौशल्याचे की चेंडू त्यांच्यापर्यंत पोहोचूच न देणाऱ्या सहकाऱ्यांचे? स्वाक्षऱ्यांची कथा खरी असो वा नसो, लोकांना ती रुचली ती याच शंकेमुळे. अभाव हा पदार्थ मानणाऱ्या वैशेषिकांनाही, हा अभाव कोणामुळे टिकला, हे धावफलकावरून सांगता आले नसते.

शून्य जसे मुके असते, तसाच सातचा आकडाही मुका असतो. १९८२ साली दिल्लीतील आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानकडून १-७ असा पराभूत झाला. गोलरक्षक होते मीररंजन नेगी. गोलरक्षकापर्यंत येणारा प्रत्येक चेंडू आघाडीची फळी, मधली फळी आणि बचावफळी ओलांडून आलेला असतो. सात गोल म्हणजे अकरा जणांच्या अपयशाची सात आवर्तने. परंतु ज्याच्या पाठीमागे जाळी हलते, त्याच्याच नावावर सारे जमा होते. नेगी यांच्या बाबतीत समाज अकुशलतेच्या आरोपावरही थांबला नाही. त्यांनी पैसे घेतले, देशाशी द्रोह केला, असे म्हटले गेले. त्या आरोपाला पुरावा कधीच मिळाला नाही. नेगी यांचे संघातील स्थान मात्र गेले.

२००७ साली आलेल्या 'चक दे! इंडिया' या चित्रपटाची कथा प्रेक्षकांनी नेगी यांच्या आयुष्याशी जोडली. नटनट्यांना हॉकी शिकवण्याचे काम नेगी यांनीच केले होते. साहित्याच्या अभ्यासकाने येथे एक बदल टिपण्यासारखा आहे. चित्रपटाचा नायक गोलरक्षक नाही. पेनल्टी स्ट्रोक हुकलेला तो आघाडीचा खेळाडू आहे. कथेला एक क्षण हवा असतो, एक दृश्य कृती हवी असते. हुकलेला फटका दाखवता येतो. अडवलेले आणि न अडवलेले चेंडू यांचा गुंतागुंतीचा ताळेबंद दाखवता येत नाही. ज्या कथेत कलंकिताला न्याय मिळाला, तिच्यातही गोलरक्षकाची जागा दुसऱ्यालाच मिळाली.

राखणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची ही वृत्ती केवळ आपल्याकडची नाही. उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीत गोल होताच जाळीमागे लाल दिवा लागतो. अडवलेल्या फटक्यासाठी दिवा नाही. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्क येथे माँट्रियल संघाच्या जॅक प्लांट यांच्या तोंडावर रबरी चकती आदळली. जखमेला टाके घालून झाल्यावर, मुखवट्याशिवाय परत उतरणार नाही, असे त्यांनी सांगितले. प्रशिक्षकांचा मुखवट्याला विरोध होता. तोंड झाकणे म्हणजे भ्याडपणा, अशी त्या काळची समजूत होती. धैर्याचा दाखला म्हणून राखणाऱ्याने आपला चेहराही उघडा ठेवावा अशी अपेक्षा होती. पुढे मुखवटा रूढ झाला. त्याच खेळात गोलरक्षकाने शंभरातले किती फटके अडवले, याची शेकडेवारीही मांडली जाते. क्षेमाची नोंद ठेवण्याचा हा एक प्रामाणिक प्रयत्न आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. सात गोलांचा दोष एकट्याचा नसेल, तर अडवलेल्या चेंडूचे श्रेय तरी एकट्याचे कसे? या आक्षेपाचा विचार करण्यास रायपूरमध्येच २०१५ साली झालेला एक सामना उपयोगी पडतो. ६ डिसेंबर रोजी वर्ल्ड हॉकी लीगच्या कांस्यपदकासाठी भारत आणि नेदरलँड्स यांच्यात ५-५ अशी बरोबरी झाली आणि शूटआउटमध्ये भारत ३-२ असा विजयी झाला. गोलरक्षक पी. आर. श्रीजेश त्या दिवसाचे नायक ठरले. एकाच माणसावर नियमित वेळेत पाच गोल झाले होते. पण शूटआउटची रचना निराळी असते. तेथे आठ सेकंद, एक आक्रमक आणि एक रक्षक; मधल्या फळ्या नाहीत. उत्तरदायित्व तेथे बव्हंशी त्या दोघांचे असते, म्हणून श्रेयही देता येते आणि दोषही. इतर वेळी श्रेय व दोष दोन्ही वाटूनच घ्यावे लागतात. आक्षेप मान्य केल्याने राखणाऱ्याचे काही बिघडत नाही. त्याला फक्त न्याय्य वाटा हवा असतो.

मात्र वाटणीचा हा हिशेब कौशल्यापुरताच आहे. कौशल्य फलावरून, सावधपणे का होईना, जोखता येते. हेतू फलावरून जोखता येत नाही. ज्याचे काम केवळ अपयशातच दिसते, त्याच्या बाबतीत तर हा संयम अधिकच आवश्यक ठरतो, कारण त्याच्या निष्ठेचा पुरावा असलेली सारी कर्मे अदृश्य असतात. नेगी १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघाचे गोलरक्षण-प्रशिक्षक म्हणून परतले. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या महिला संघाबरोबरही ते होते. या यशाने ते दोषमुक्त झाले, असे म्हणणे सोपे आहे, आणि चुकीचेही आहे. पराभवाने जसा द्रोह सिद्ध झाला नव्हता, तशी विजयाने निष्ठाही सिद्ध होत नाही. १९८२ साली त्या संध्याकाळी त्यांच्याविरुद्ध पुरावा नव्हता, एवढेच त्यांच्या निर्दोषत्वाला पुरेसे होते. सोळा वर्षांनंतरच्या सुवर्णपदकाची वाट पाहण्याची वेळ त्यांच्यावर यायला नको होती.