गुलाम कोण?



पहिल्या शतकातला स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस जन्माने गुलाम, पायाने अधू. पुढे मुक्त होऊन तो रोममध्ये शिकवू लागला. डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना हद्दपार केले तेव्हा त्याने ग्रीसमधील निकोपोलिस येथे शाळा काढली.

तो सांगे, शरीर, पैसा, नावलौकिक, हुद्दा आपल्या हाती नाहीत. आपले मत, आपली इच्छा, आपला नकार एवढेच आपले. जे हाती नाही त्यामागे धावणारा मोठा सरदार असला तरी गुलामच. शेजाऱ्याच्या एका शब्दाने आपली झोप उडते, तेव्हा आपल्या मनाची किल्ली कोणाच्या खिशात असते?

एका ठिकाणी मात्र मी अडखळतो. दुःखी माणसाचे सांत्वन करा, प्रसंगी त्याच्याबरोबर कण्हा, पण आतून कण्हू नका, असे तो शिकवतो. मयताच्या घरी मला ते जमत नाही आणि जमावे असेही वाटत नाही. लाजरसच्या कबरेपाशी प्रभू येशूलाही रडू आले. रागाला लगाम हवा, मायेला नव्हे.

या आठवड्यात राग आला, तर उत्तर देण्याआधी क्षणभर थांबू या. तेवढा क्षण नक्की आपल्या हाती आहे.

आपला धर्मगुरू